संकल्पातली रिकामी जागा

ओल्या खसचा वास आला की आजही माझी पाठ ताठ होते.

उज्जैनच्या उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपू लागलं की तो वास घरभर पसरतो. हिरवट, मातकट, थोडा कडू. माधवनगरातल्या कुमुदताईंच्या बैठकीच्या खोलीत तो कापराच्या आणि उगाळलेल्या चंदनाच्या वासात मिसळलेला असे. कूलरची घरघर, आणि तिच्यावर चढत गेलेला आम्हा बायकांचा आवाज. भिंतीलगत आसनं मांडलेली. प्रत्येकीपुढे तांब्याची पळी आणि पंचपात्र. आम्ही पौरोहित्य शिकत होतो.

पुण्याकडे बायका पूजा सांगू लागल्याची बातमी तेव्हा आमच्या गावापर्यंत नुकती पोचली होती. ज्या गावात घाटाच्या प्रत्येक पायरीवर मंत्र म्हणणारा पुरुषच बसलेला, त्या गावात बायकांचा असा वर्ग काढायचा, ही कल्पना कुमुदताईंची. त्यांनी मला कॉलेजात संस्कृत शिकवलं होतं. वृत्तांचा नाद माझ्या कानांत पहिल्यांदा त्यांनीच घातला. त्यांचे यजमान गेले तेव्हा अग्नी कुणी द्यायचा यावरून क्षिप्रेकाठी वाद झाला. ताईंनी पुतण्याच्या खांद्यावरचं मडकं काढून घेतलं आणि स्वतः मंत्र म्हणत फेरी घातली. कुंकू पुसलं नाही. जळालेल्या सुनांच्या आयांना घेऊन त्या ठाण्यात जाऊन बसत. "माताजी, घर जाइए," असं कुणी म्हणालं की खुर्ची आणखी पुढे ओढत. अशी बाई. माझा त्यांच्यावर जीव होता. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं मी रागानं सांगते आहे असं कुणाला वाटू नये. रागही आहे. पण नुसता राग नाही.

वर्गाच्या पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या होत्या, "जुन्या शास्त्रांनी स्त्री आणि शूद्र यांना एकाच वाक्यात दाराबाहेर ठेवलंय. एकाच वाक्यात, बरं का!" बायकांनी माना हलवल्या. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. एकाच वाक्यात अडकलो आहोत, म्हणजे बाहेरही बरोबरच पडू.

मग संकल्प शिकायचा दिवस आला.

संकल्प म्हणजे पूजेला बसणाऱ्यानं आधी द्यायची आपली ओळख. कुठला खंड, कुठला देश, कुठलं क्षेत्र, कुठल्या नदीचा कुठला काठ. कुठलं संवत्सर, कुठला ऋतू, कुठली तिथी. मग गोत्र. मग नाव. आणि नावापुढे 'अहम्'. मी. सगळ्या विश्वाचा नकाशा उलगडत उलगडत शेवटी एका माणसापाशी येऊन थांबतो. मला त्या रचनेची भूल पडली होती. मी ती घरी भांडी घासताना म्हणत असे, गोत्रापर्यंत आले की नुसतं गुणगुणून पुढे जात असे.

त्या दुपारी ताईंनी विचारलं, "बाईनं गोत्र कुठलं सांगायचं? माहेरचं की सासरचं?"

कुणालाच हा प्रश्न पूर्वी पडला नव्हता. खोलीत एकदम वारं शिरल्यासारखं झालं.

ताईंची सून वसुधावहिनी म्हणाली, "लग्नात माझं गोत्र बदललं, आडनाव बदललं, वरणातला गूळसुद्धा बदलला. ह्यांचं काय बदललं? साबणही तोच आहे अजून!"

हशा पिकला. सासू समोर बसली होती, तीही हसली.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकू म्हणाल्या, "मी तर माहेरचंच म्हणणार. मतलब, सासऱ्यांनी ऐकलं तर ऐकू देत. ऐकायला येतं कुठे त्यांना!"

ताईंनी टाळी वाजवली. "जिनं तिनं आपलं ठरवायचं. आपण काही घाटावरचे गुरुजी नाही, लादायला."

एकेक जण म्हणू लागली. भारद्वाज. वासिष्ठ. वसुधावहिनीनं माहेरचं कौशिक म्हटलं, आणि म्हणताना तिचा गळा भरून आला. लग्नानंतर पहिल्यांदा ते तिच्या तोंडात आलं होतं. तिच्या शेजारी मी होते. मीही गहिवरले, हे खरं आहे.

माझी पाळी आली. मी खंड सांगितला, देश सांगितला. अवंतिका क्षेत्र सांगितलं, क्षिप्रेचा काठ सांगितला. ऋतू, पक्ष, तिथी. आणि थांबले.

"गोत्र," ताई म्हणाल्या.

मी पळी पंचपात्रात ठेवली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. कॉलेजात शिष्यवृत्तीच्या अर्जावर त्यांनीच सही केली होती. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "काश्यप म्हण. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, शास्त्रात सोय आहे तशी."

काकूही मदतीला धावल्या. "होतं गं असं. पिढ्यान् पिढ्या माळव्यात काढल्या की विसरायला होतं. आमचं कुलदैवत कोणतं, ते मोठ्या दिरांना पत्र घालून विचारावं लागलं आम्हाला."

ही चूक आमच्या गावातल्या मराठी माणसांनीच करावी. महाराष्ट्रात असत्या तर माझं आडनाव ऐकूनच काकू काय ते समजल्या असत्या. इकडे कुणाच्या पणजोबांनी सरदारांच्या पदरी चाकरी केली, कुणी बँकेच्या बदलीवर आलं, आणि इथल्या उन्हात आडनावांचे कंगोरे झिजून गेले. मी शुद्ध बोलत होते. वडील रेल्वेत. स्वतः एम. ए. म्हणजे आपल्यातलीच, फक्त विसरलेली.

दोन दारं माझ्यासाठी उघडी धरलेली होती. काश्यप, किंवा विस्मरण. कुठल्याही एकातून शिरता आलं असतं आणि चहाची वेळ झाली असती.

मी म्हणाले, "माहीत नाही असं नाही, ताई. आम्हाला गोत्र नाही. आम्ही बौद्ध." आणि त्याआधी आम्ही कोण होतो, तो शब्दही मी म्हटला.

कूलर घरघरत राहिला.

कुणी एक वाईट अक्षर बोललं नाही. वसुधावहिनीनं पदर आवरून घेतला. तो पसरलेला नव्हताच. काकू आपल्या पंचपात्रात पाहू लागल्या, जणू त्यात काही पडलं आहे. ताई म्हणाल्या, "बरं, पुढची," आणि पुढची घाईनं खंड, देश म्हणू लागली. माझा संकल्प तिथीपाशी तुटून पडला होता. त्यात माझं नाव यायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर ताईंची आसनं धुवायला टाकलेली. उद्यापासून आपापलं आसन आणायचं, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. सगळ्यांना सांगितलं, कारण मला एकटीला सांगणं बरं दिसलं नसतं. आचमनाच्या वेळी तांब्यातून एकेकीच्या पंचपात्रात पाणी पडत आलं. माझ्यापाशी तांब्या थबकला.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "तुला खोकला आहे ना. नुसतं घेतल्यासारखं कर."

मला खोकला नव्हता. मी कोरडी पळी उचलली. कोरड्या तळहातावर ती वाकडी केली. तळहात ओठांशी नेला. त्याला तांब्याचा वास होता. पाणी नव्हतं. मी गिळलं. सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही.

लोक विचारतात, तेव्हाच उठून का नाही गेलीस.

उठून कुठे जायचं होतं? ताईंच्या शब्दावर मला मराठी समाजाच्या प्राथमिक शाळेत तात्पुरती नोकरी लागली होती. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हापासून माझा मोठा भाऊ घरी होता. दादा सकाळी दाढी करून नानाखेड्याच्या बसस्टँडवर जाऊन उभा राही, काम असलेल्या माणसासारखा, आणि दुपारी ऊन डोक्यावर घेऊन परत येई. बाबांना निवृत्त व्हायला थोडाच अवधी उरला होता. शहरातल्या गच्च्यांवर डिशच्या ताटल्या उगवत होत्या. रंगीत पडद्यावर केस उडवणाऱ्या मुली सांगत होत्या की आता बाईला आकाश मोकळं झालं. मी शाळेतून घरी येत होते, घरातून वर्गाला जात होते, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या मागे दार लोटलं जाण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

घरचं दार वेगळं होतं. बाबा रेल्वेत खलाशी, अंगमेहनतीचे कामगार. विदर्भातून इकडे आलेले. दीक्षा झाली तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. त्यांच्या वडिलांनी घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले, ते त्यांनी काठावर उभं राहून पाहिलेलं. मी मंत्र शिकते हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"माझ्या बापानं देव बुडवले तेव्हा आपण तिथून सुटलो," ते म्हणाले. "आणि तू परत त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन बसतेस? घेतलं का आत?"

मला देव नको होते. मला तो नाद हवा होता. माझ्या आधीच्या कुठल्याही बाईच्या तोंडात येऊ न दिलेला तो नाद मला चावून चावून खायचा होता. हे बाबांना कसं सांगायचं, ते मला कळलं नाही. त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. एका घरात मला पाणी मिळत नव्हतं. दुसऱ्या घरात, तिथे गेलेच का, म्हणून मान खाली घालावी लागत होती.

उन्हाळा सरत आला तेव्हा ताईंनी बातमी आणली. समाजाच्या सभागृहात बायकांची सामुदायिक पूजा होणार. बायकाच सांगणार, बायकाच करणार. केबलवाला कॅमेरा घेऊन येणार. घाटावरचे गुरुजी पहिल्या रांगेत बसणार.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या कैऱ्या किसत होत्या. ओट्यावर आंबट, हिरवा वास पसरला होता.

"समाजाची कार्यकारिणी कशीबशी तयार झालीय," त्या म्हणाल्या. "बायका पूजा सांगणार, हेच त्यांना जड जातंय. त्यात वर्गातली गोष्ट त्यांच्या कानावर गेली. एक पायरी चढू दे गं आधी. मग दुसरी."

"मग मी येत नाही, ताई."

"येत नाही कसं! तू नसलीस की चौथ्या ओळीशी आमचा सूर खाली बसतो, तुला माहितेय. गुरुजी येणारच आहेत चुका वेचायला." किसणी थांबली. "आसनावर वसुधा बसेल. तिच्याबरोबर चौघी. तू मागे, कोठीत. माइक तुझ्याकडे. त्यांचे बंद ठेवायचे. लोकांना काय, ऐकू आल्याशी कारण."

माझ्या हातात त्यांनी किसाची एक चिमूट ठेवली, चव बघायला. वरून. बोट न लागता.

"आणि जूनमध्ये शाळेच्या नेमणुका आहेत," त्या म्हणाल्या. कैरी आंबट आहे, असं सांगावं तशा.

मी कैरी खाल्ली. दात आंबले. मी नाही म्हटलं नाही.

पूजेच्या सकाळी सभागृहाबाहेर झेंडूच्या माळा. रांगोळीत ताईंनी स्वतः काढलेली अक्षरं: स्त्री जागी झाली. मी मागच्या दारानं आत गेले. मंचाच्या बाजूला समाजाच्या भांड्यांची कोठी होती. लग्नाकार्याची पातेली, झारे, गुंडाळलेल्या सतरंज्या. खिडकी नाही. कुबट सुतळी, जुनं तूप, चिंचेनं घासलेलं पितळ. एका सतरंजीच्या वळकटीवर मला बसवलं. हातात माइक दिला. माइकला वास असतो, हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. त्याच्या जाळीत कितीतरी लोकांचे श्वास वाळून बसलेले असतात. गंज, तंबाखू, कुणाचं तरी भाषण.

माइकवाला माळव्यातला, उतारवयाचा माणूस. त्यानं ताईंना विचारलं, "आगे वाले पाँचों बंद रखूँ? पक्का, मैडम?"

"पक्का," ताई म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तो दीदी, आप अंदर काहे को बैठी हो?"

ताईंनी त्याला वायरची गुंतवळ दाखवली. तो ती सोडवायला निघून गेला.

ताई कोठीच्या दारापाशी उभ्या राहिल्या. दार थोडं किलकिलं. त्या फटीतून मला मंचाचा कोपरा दिसत होता, वसुधावहिनीची पाठ, नऊवारीचा केशरी काठ. आणि त्यापलीकडे सभागृहाची एक उभी पट्टी, थेट शेवटच्या रांगेपर्यंत.

शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाजवळ, माझी आई बसली होती.

मी तिला बोलावलं नव्हतं. बाबांना न सांगता ती आली होती. भैरवगडच्या छापाची नवी साडी, जिच्यातून छपाईच्या मेणाचा वास अजून गेला नव्हता. सकाळी तिनं माझी वेणी घातली होती आणि एवढंच विचारलं होतं, "मोठ्यानं म्हणायचं असतं का गं?" ती आता मंचाकडे बघत होती. पाच बायकांमध्ये मला शोधत होती.

पूजा सुरू झाली. मी तोंड उघडलं आणि माझा आवाज माझ्यापासून निघून गेला. भिंतीपलीकडे तो मोठा होऊन फिरू लागला. मला तो बाहेरून ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. सुंदर, गोल, कुणाच्याही अंगावर जाऊन बसेल असा. पहिल्या रांगेतल्या गुरुजींची मान हलली. कुणीतरी "वा" म्हणालं. ती दाद वसुधावहिनीच्या पाठीवर पडली.

आईनं तो आवाज ओळखला. मला दिसलं. तिचे डोळे पहिल्या बाईच्या ओठांवर गेले. मग दुसरीच्या. तिसरीच्या. आवाज लेकीचा होता आणि तो निघत होता ते तोंड सापडत नव्हतं. शेवटच्या बाईपर्यंत जाऊन तिचे डोळे परत पहिलीवर आले.

संकल्प आला. खंड, देश. क्षेत्र, नदी. ऋतू, पक्ष, तिथी. आसनावर वसुधावहिनी, म्हणून गोत्र तिचं. मी म्हटलं. 'कौशिकगोत्रोत्पन्ना.' जे म्हणताना तिचा गळा दाटला होता, ते माझ्या घशातून खडीसारखं गेलं.

पुढे नाव.

इथे मी थांबते, आणि आधी त्यानंतरचं सांगून टाकते. लोक ही गोष्ट त्यानंतरच्या गोष्टींवर संपवतात: बिचारीची नोकरी गेली, बिचारी एकटी पडली. मला ती तिथे संपवायची नाही.

नोकरी गेली. जूनमध्ये माझ्या जागी दुसरी बाई आली. गावातल्या एका वर्तमानपत्रात छापून आलं की महिला पुरोहित ऐन वेळी मंत्र विसरल्या. गुरुजींनी त्यावर बारीक विनोद केला होता. कार्यकारिणीनं बायकांच्या पूजेला पुन्हा सभागृह दिलं नाही. वर्ग मोडला. वसुधावहिनी मला बाजारात दिसली की दुकान बदलत असे. एकदा मात्र ती थांबली. "माझं तोंड उघडं पडलं होतं तिथे, तुला माहितेय?" म्हणाली. तेही खरं होतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं की तुला दुसरीच्या आवाजावर ओठ हलवायचे आहेत का.

ताई एकदाच भेटल्या. "एका क्षणात तू आमची कितीतरी वर्षं मागे नेलीस," त्या म्हणाल्या.

"आमची म्हणजे कुणाची, ताई?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दुष्ट बाई नव्हत्या. दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुरुषांच्या दाराशी त्या आयुष्यभर लढल्या, आणि दार बोटभर उघडलं तेव्हा त्या एकट्या मावतील एवढ्याच फटीतून आत जायला निघाल्या. त्या जुन्या वाक्यातून त्यांनी आपला शब्द तेवढा सोडवून घेतला. माझा तिथेच ठेवला.

मग आमच्या वस्तीतल्या पुरुषांनी सभा लावली. पोरीनं त्यांना दाखवून दिलं, असं त्यांचं म्हणणं. बाबासुद्धा आले. मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर पुरुष होता. दादाचा मित्र मला म्हणाला, "ताई, तुम्ही दोन शब्द बोला फक्त. बाकीचं आम्ही मांडतो. आणि जरा चहाकडे बघता का?" चहाची किटली मंचामागे, पडद्याआड होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिथेही एक कोठीच होती.

मी चहा दिला नाही. दोन शब्दही बोलले नाही. खाली, बायकांमध्ये उभी राहिले आणि माझं संपेपर्यंत बोलले, माधवनगरच्या बायकांबद्दल आणि ह्या खुर्च्यांबद्दलही. दादानं माझ्याशी बोलणं टाकलं. आईनं त्या दिवसापासून सभांना माझ्याबरोबर यायला सुरुवात केली.

मी कुठलाच मोर्चा सोडला नाही. बायकांचा नाही, आमच्या लोकांचा नाही. सोडला असता तर दोन्हीकडच्यांना हायसं वाटलं असतं. हुंड्याच्या विरोधात ठाण्यासमोर बसताना मी असते, आणि तिथे मी विचारते की आमच्या वस्तीतली पोर मारली गेली तेव्हा तुम्ही कुठे होता. वस्तीच्या सभेत मी असते, आणि तिथे विचारते की घरातल्या बाईच्या अंगावरचे वळ कुणाचे. माझं असणं कुणालाच सोयीचं नाही. एक गोष्ट मात्र पक्की आहे. जिथे माझ्या अंगाला बसायला जागा नाही, तिथे माझा आवाज जाणार नाही. मग तो कुणाच्या का लढाईला कमी पडेना.

आता ती सकाळ. त्या वेळी कोठीत काय झालं, ते लोकांनी आपापल्या परीनं सांगितलं. विसरली म्हणाले, घाबरली म्हणाले, सूड घेतला म्हणाले. मी विसरले नव्हते. सूड मला सुचलाही नव्हता. घाबरले होते, ते खरं.

गोत्र म्हणून झालं होतं. आता नाव, आणि नावापुढे 'अहम्'. वसुधा नावाची मी. दुसरीचं गोत्र मी गिळलं होतं, जसं कधी नसलेलं पाणी गिळलं होतं. पण 'मी' म्हणायचं, माझ्या श्वासानं, माझ्या तोंडानं, आईच्या देखत, आणि ती 'मी' दुसरीच कुणी असायची. मी श्वास घेतला आणि तो सोडला नाही.

सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. वसुधावहिनीची पाठ ताठरली. एक गुरुजी खाकरले. फटीतून दिसणाऱ्या त्या उभ्या पट्टीत, अगदी शेवटी, माझी आई उभी राहिली होती. ती आता मंचाकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती, सरळ, मी होते तिथे.

कोठीला दुसरं दार नव्हतं. जून तसाच समोर होता. दादा बसस्टँडवर उभा होता. काहीही बदललं नव्हतं. भीती जरासुद्धा कमी झाली नव्हती. तिच्यासकट मी वळकटीवरून उठले. त्या रिकाम्या जागेत आता माझ्या तोंडून एकच ओळख जाणार होती, आणि ती पूर्ण जाणार होती: माझी, वडिलांची, आडनावासकट, वस्तीसकट, काहीही न गाळता, माइकवाल्यानं बटण फिरवेपर्यंत माइकमधून आणि त्यानंतर नुसत्या गळ्यानं. मी जाळी ओठांशी आणली.

ताईंना वाटलं, मला आठवत नाही. त्यांनी फटीतून तोंड आत घातलं आणि दबक्या, घाईच्या आवाजात मला पुढचं सुचवलं.

"नाव!"